माईक त्यांच्याच हाती द्या

उत्तरायणाच्या दिवशी बडोद्यातल्या कुठल्याही गच्चीवर नजर टाका. सकाळी वर गेलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा अंधार पडेपर्यंत खाली उतरत नाही. बोटांवर मांज्याच्या चिरा, उन्हाने रापलेले नाक, आणि डोळे आभाळातल्या एका ठिपक्याला खिळलेले. ढील किती सोडायची, खेच कधी मारायची, शेजारच्या गच्चीवरचा पतंग कोणत्या अंगाने येतो आहे, सगळे त्याच्या ध्यानात असते. जेवायला मारलेली हाकही त्याला ऐकू जात नाही. सुट्टी संपते, आणि त्याच मुलाच्या डायरीत लाल शाईने शेरा येतो : गृहपाठ अपूर्ण, वर्गात लक्ष नसते. मग घरात ठरलेला प्रश्न : ‘‘पतंगावर दिवसभर लक्ष लागतं, मग गणितालाच काय धाड भरते?’’

मुलाकडे या प्रश्नाचे उत्तर नसते. तो मान खाली घालतो, आणि आपण आळशी आहोत हे मनोमन मान्य करून टाकतो.

अशा मुलाच्या वागण्यामागे आळस नव्हे, एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर) असू शकते. या नावाचा मराठी उलथा करताना आपण ‘अवधानाचा अभाव’ म्हणतो. तिथेच गैरसमजाला सुरुवात होते. या मुलांकडे लक्ष असते. त्याचा लगाम त्यांच्या हाती नसतो. मेंदूत डोपामिनसारख्या रसायनांचा जो कारभार चालतो, त्यातल्या फरकाशी याचा संबंध आहे असे डॉक्टर सांगतात. पतंग क्षणाक्षणाला दोरीतून उत्तर देतो. गणिताच्या उदाहरणसंग्रहाचे फळ मिळते ते मार्चमध्ये. दूरच्या फळासाठी आत्ता मन जुंपून ठेवणे बाकीच्यांना जमते, याला जमत नाही. दोष हट्टाचा नाही, लाडाचाही नाही. रक्त तपासून किंवा स्कॅन काढून हे कळत नाही. लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळावी लागतात. जगभरच्या अभ्यासांचा अंदाज मुलांमध्ये सुमारे ५ टक्क्यांचा आहे. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात दोन.

त्या दोघांतला एक आपल्याला चटकन सापडतो. गुजरातीच्या शेजारात राहून आपल्या तोंडी बसलेला शब्द त्याला चिकटतो : तोफानी. दुसरी बहुधा मुलगी असते. ती खिडकीशी गप्प बसते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. डबा विसरते, वही विसरते, प्रश्न विचारला की दचकते. तिला ‘धांदरट’ म्हणून सोडून देतात. तिच्याविषयी कोणाची तक्रार नसते, म्हणून तिला डॉक्टरकडेही कोणी नेत नाही.

अशा मुलांपैकी कोणी मोठे होऊन चारचौघांत बोलायला उभे राहते तेव्हा काय घडते, हे २०१६ साली जगाने पाहिले. रिओच्या ऑलिंपिकमध्ये चार सुवर्ण आणि एक कांस्य जिंकलेली अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स तेव्हा १९ वर्षांची होती. उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेकडच्या तिच्या वैद्यकीय नोंदी चोरून कोणीतरी उघड्यावर टाकल्या. हेतू तिला बदनाम करण्याचा होता. तिने सरळ सांगितले की मला एडीएचडी आहे, लहानपणापासून मी औषध घेते, आणि यात लाज वाटण्यासारखे काही नाही. औषधाची रीतसर परवानगी तिच्याकडे होतीच. आपल्याकडे आलिया भट्टनेही हे निदान आपल्याला मोठेपणी कळल्याचे उघडपणे सांगितले आहे.

या दोघींचे मोल मोठे आहे. तरीही गच्चीवरच्या त्या मुलाला पदकवाल्यांपेक्षा जवळचे कोणी हवे. बाइल्सचे ऐकून त्याची आई म्हणेल, ‘‘बघ, ती कुठे पोचली!’’ आणि त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे चढेल. त्याला ऐकू यायला हवा तो युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला असलेल्या, एक एटीकेटी अजून अंगावर असलेल्या दादाचा आवाज. फॉर्म भरायची शेवटची तारीख कशी हुकते. मोबाइलमध्ये तीन गजर का लावावे लागतात. आंघोळीला निघालेला माणूस वाटेत कपाट का आवरत बसतो. गोळी सुरू केल्यावर नेमका काय फरक पडला आणि काय तसेच राहिले. हे डॉक्टर सांगू शकत नाहीत, कारण ते त्यांनी भोगलेले नसते. ही अवस्था बऱ्याच अंशी घराण्यातून येते. त्यामुळे असा दादा पालकांपुढे बोलायला उभा राहिला, तर समोर बसलेल्या एखाद्या वडिलांना मुलाऐवजी स्वतःचेच बालपण ऐकू येण्याचा संभव मोठा आहे. छडी, ‘तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत’ असे बोल, अर्धवट सुटलेले शिक्षण. चाळीस वर्षांनी त्यांना त्याचे कारण सापडणे ही किरकोळ गोष्ट नाही.

पण बोलायला येणार कोण? घरूनच बजावलेले असते, ‘‘कोणाला सांगू नकोस, उद्या लग्नाचं बघायचंय.’’ नोकरीच्या मुलाखतीत सांगावे तर धोका, न सांगावे तर पहिल्याच महिन्यात ‘बेजबाबदार’ हा शिक्का. कायद्याचा आधारही तोकडा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचे वेगळे नाव नाही. केवळ हे निदान घेऊन परीक्षेत जादा वेळ मागायला जाणाऱ्या पालकांची वाट त्यामुळे अवघड होते. ती यादी बदलायला हवी, आणि बदलाची मागणी करणाऱ्यांत ही मुले स्वतः दिसायला हवीत.

हे बडोद्यात म्हणायला आणखी एक कारण आहे. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली इथल्या राजघराण्यात दत्तक आले आणि अक्षरे गिरवायला बसले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. सयाजीराव झाल्यावर याच मुलाने १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. प्रत्येक मूल बाकापर्यंत आणायचे काम या शहराने देशात फार आधी हाती घेतले. बाकावर बसणेच ज्याला जड जाते त्या मुलाचे काम अजून व्हायचे आहे.

तेव्हा शाळांच्या पालकसभांत, मराठी मंडळांच्या व्याख्यानांत, ग्रंथालयांच्या सभागृहांत या तरुणांना बोलवा. फलकावर ‘एडीएचडीवर मात केलेला’ असे लिहू नका. मात झालेली नाही, तो रोज निभावतो आहे. औषधाचे प्रश्न मानसोपचारतज्ज्ञांसाठी राखून ठेवा, त्याला डॉक्टर बनवू नका. पालकांबरोबर मुलांनाही पुढच्या रांगेत बसवा. आदल्या दिवशी एकदा आणि निघायच्या तासभर आधी एकदा त्याला फोन करून आठवण द्या, आणि त्यात उपकार केल्याचा सूर नको. बोलता बोलता तो विषयाबाहेर जाईल, परत येईल. मंचावर येरझाऱ्या घालील. खुर्ची पुढे सरकवून त्याला बसायला सांगू नका.