कल्पना तुमची, निर्णय आमचा

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्तुळात ‘ओपन इनोव्हेशन’, म्हणजे खुली नवनिर्मिती, ह्या शब्दाचा बोलबाला होऊन वीस वर्षे उलटली. अमेरिकन प्राध्यापक हेन्री चेसब्रो ह्यांनी २००३ साली ह्याच नावाचा ग्रंथ लिहिला. कंपनीने आपले संशोधन स्वतःच्या चार भिंतींत कोंडून ठेवू नये, बाहेरच्या कल्पनांना आत वाट द्यावी, हे त्याचे सार. त्यात काही गैर नाही. परंतु अलीकडे ह्या विचाराला एक नैतिक झालर लावण्यात येत आहे. ग्राहक, कामगार, पुरवठादार, कारखान्याशेजारची वस्ती ह्या सर्वांना विचारून वस्तू घडवणारी कंपनी आपोआपच समाजाला जबाबदार बनते, असे सांगितले जाते. आमचा वाद आहे तो ह्या दाव्याशी.

डेन्मार्कच्या लेगो कंपनीचे उदाहरण ह्या संदर्भात हटकून दिले जाते. ग्राहकाने सुचवलेल्या रचनेला दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला, की कंपनी तिचा विचार करते. खेळणे बाजारात आलेच, तर निव्वळ विक्रीच्या एक टक्का रक्कम सुचवणाऱ्याला मिळते. हा सौदा निदान उघड आहे. पण तो सौदाच आहे. दहा हजारांनी मागितलेली वस्तू काढायची की नाही, हे अखेर कंपनीच ठरवते. खेळण्यांच्या बाबतीत ह्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. शस्त्रे, औषधे वा कीटकनाशके ह्यांच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न जीवनमरणाचा होतो.

ह्या शास्त्राने ‘भागधारका’च्या जोडीला ‘हितधारक’ असा एक शब्द घडवला आहे. आपल्या भाषेत ‘मत’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि येथे ते नेमके वाटून दिलेले दिसतात: भागधारकाला मत असते, हितधारकाचे मत फक्त विचारले जाते.

न विचारता कल्पना पुढे आल्या, की काय होते? ब्रिटनमधील लूकास एरोस्पेस ह्या कंपनीचे सुमारे निम्मे काम लष्करी होते. १९७० नंतर तेथे नोकऱ्यांवर गदा येऊ लागली. तेव्हा देशभर विखुरलेल्या कारखान्यांतील कामगार प्रतिनिधींच्या संयुक्त समितीने नुसत्या निषेधावर न थांबता पर्यायी उत्पादनाचा आराखडा करण्याचे ठरवले. प्रथम त्यांनी विद्यापीठे, संस्था आणि तज्ज्ञ ह्यांना पत्रे लिहिली. उत्तरे मोजकीच आली. (आम्हा प्राध्यापकवर्गाविषयी हे काही फारसे बरे बोलत नाही.) मग त्यांनी आपल्याच कामगारांना विचारले, आणि सुमारे दीडशे वस्तूंच्या कल्पना जमल्या. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी डायलिसिस यंत्रे, मणक्याचा जन्मजात विकार असलेल्या मुलांसाठी लहानशी गाडी, घरे उबदार ठेवणारे हीट पंप, रस्त्यावर आणि रुळांवरही धावणारी बस, पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारे वाहनाचे इंजिन. १९७६ च्या जानेवारीत हा आराखडा प्रसिद्ध झाला.

खुली नवनिर्मिती म्हणतात ती ह्याहून अधिक खुली कशी असणार? कल्पना फुकट, कौशल्य घरचे, समाजाची गरज डोळ्यांपुढे. कंपनीने नकार दिला आणि आपल्या परंपरागत विमानसाहित्याच्या व्यवसायालाच चिकटून राहण्याचे ठरवले. मजूर पक्ष तेव्हा सत्तेवर होता, हेही आपण समाजवाद्यांनी विसरता कामा नये. त्या सरकारने कंपनीला वाटाघाटीच्या मेजावर बसवले नाही. आराखड्याचे एक प्रमुख शिल्पकार, अभियंते माइक कूली ह्यांना १९८१ साली कामावरून काढण्यात आले. पुढे १९९७ साली जपानमध्ये टोयोटाची प्रियस ही पेट्रोल आणि विजेवर चालणारी मोटार विक्रीला आली. हीट पंपासाठी तर ब्रिटिश सरकार आज घरमालकांना अनुदान देते. म्हणजे कल्पना अव्यवहार्य होत्या, असे म्हणण्यास जागा नाही. काय बनवायचे हे कामगारांनी ठरवू पाहिले, हाच त्यांचा अपराध होता.

आपल्याकडे काय आहे? २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठरावीक आकारापुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. परंतु नियमांनुसार नेहमीच्या व्यवसायातील काम ह्या जबाबदारीत सहसा धरले जात नाही, आणि केवळ कर्मचाऱ्यांच्या हिताचे उपक्रमही नाहीत. पळवाटा बुजवण्यासाठी हे योग्यच असेल. परिणाम मात्र असा, की कारखान्यात काय बनते, कसे बनते, ओढ्यात काय सोडले जाते, हे सारे ह्या ‘सामाजिक जबाबदारी’च्या हिशेबाबाहेर राहते आणि शाळेला दिलेली बाके तेवढी हिशेबात येतात.

लूकासचा आराखडा निघाला त्याच १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आपल्या संविधानात ४३क हा अनुच्छेद आला: उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग राज्याने साधावा. मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. १९९० साली ह्याविषयी राज्यसभेत विधेयक मांडले गेले, त्याचा कायदा झाला नाही. ती मागणी आपल्या चळवळीनेही हळूहळू सोडून दिली, कारण बोनस आणि महागाईभत्ता हातात पडतो, व्यवस्थापनातील सहभाग पडत नाही. कामगार आघाडीने ती पुन्हा मागणीपत्रकात घ्यावी. आणि कायद्याची वाट पाहत न बसता, लूकासच्या समितीने वाटली तशी प्रश्नावली आपल्या कारखान्यांत वाटावी: तुमच्या हाती कोणते कौशल्य आहे, कारखान्यात कोणती यंत्रे आहेत, आणि आपण काय बनवावे असे तुम्हाला वाटते?