गणपूर्ती आणि ग्रुप



‘व्हॉट्सअ‍ॅपने व्यावसायिक संघटना संपवल्या’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे निदान घाईचे आहे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी भरवायची, ही तरतूद मोबाइल येण्याआधीपासून संस्थांच्या नियमावल्यांत आहे. खुर्च्या तेव्हाही रिकाम्याच असत. उलट, दवाखाना बंद करून संध्याकाळी जिल्ह्याच्या गावी पोहोचू न शकणाऱ्या तालुक्यातील डॉक्टरला संघटना रोज भेटते ती ग्रुपवरच. मात्र सकाळी सहाला गुलाबाच्या फुलांसह ‘शुभ सकाळ’, दुपारी राजकारण आणि त्यातच कुठेतरी वार्षिक सभेची सूचना, हा गोंधळ खराच. पण तो माध्यमाचा नाही, कार्यकारिणीच्या आळसाचा आहे. फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल अशी सोय ग्रुपमध्ये 2018 पासून आहे. ती चालू करायला ठराव लागत नाही.

सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिन अडकेल, ही भीतीही अनाठायी आहे. समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर अ‍ॅडमिन जबाबदार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच स्पष्ट केले. रुग्णाच्या गोपनीयतेचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. सल्ल्यासाठी टाकलेल्या एक्स-रेच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव तसेच राहते, आणि ते पुढे कुठे फिरेल यावर कुणाचाच ताबा नसतो. संघटनांनी ग्रुप बंद करण्याऐवजी याबाबतचा लेखी नियम आधी करावा.

– एक वाचक