एक्स्प्रेस वे मोकळा, टोलनाका तुंबलेला

परवा ऑफिसात जेवताना एकजण छाती पुढे काढून म्हणाला, "फाइव्ह-जी आलंय राव, आता नेटवर्क कोण तुंबवणार?"

मंडळी, आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी अंधश्रद्धा. २००५ साली अमेरिकेतल्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी हिशेब मांडला होता: इंटरनेटवरून सेकंदाला जेमतेम १६५ एसएमएस सोडले, तरी मॅनहटनमधले फोन लागेनासे करता येतील. कारण जीएसएममध्ये एसएमएस आणि कॉल जोडायचे निरोप एकाच चिंचोळ्या कंट्रोल चॅनेलवरून जातात. एक्स्प्रेस वे सहा पदरी मोकळा, आणि खालापूरच्या नाक्यावर ही रांग!

जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत एका लिंकवर क्लिक केलं की आयफोन आपोआप, पुन्हापुन्हा ९११ लावत सुटायचे. जुलै २०२२ मध्ये जपानच्या केडीडीआयकडे तर हल्लेखोरही नव्हता. राउटरची देखभाल चुकली, लाखो फोन पुन्हापुन्हा नोंदणी मागायला लागले आणि सेवा दोन दिवसांहून जास्त काळ विस्कळीत झाली. नुसत्या चुकीने हे होतं, तर कुणी ठरवून केलं तर?

आपला उपाय काय? २०११ मध्ये स्पॅम रोखायला ट्रायने सिमवर दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी! २०१२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती उडवली, ते बरंच झालं.

पूर अडवायचा तो दारातच, गेटवेवर. टॉवरपर्यंत पोचल्यावर उशीर झालेला असतो. कुणी म्हणेल, मग बँकांचे ओटीपी अडकतील. का अडकतील? त्यांची रांग वेगळी ठेवा, इमर्जन्सी कॉलना राखीव जागा ठेवा, एकाच फोनच्या वारंवार मागण्यांना चाप लावा. हे सगळं जमतं. फक्त त्याला पैसे पडतात आणि जाहिरातीत ते दाखवता येत नाही. स्पीड दाखवता येतो.

आता आपलंही पाप कबूल करू. मी स्वतः एकदा दर पाच सेकंदांनी सर्व्हरला कनेक्ट व्हायचा हट्ट धरणारं ॲप लिहिलंय. सर्व्हर पडला की सगळे फोन एका सुरात दार ठोठावणार. हल्ला म्हणजे तरी वेगळं काय असतं?

तेव्हा ऑपरेटरला शिव्या जरूर घाला. पण सोमवारी ऑफिसात गेलात की आधी तुमच्या ॲपचा रिट्राय लूप उघडून बघा. प्रत्येक अपयशानंतर तो जास्त थांबतो का, की दारच फोडतो?