चित्र आणि पंचनामा

शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५ या तीन आठवड्यांत बिबट्याने दोन बालकांचा व एका वृद्धेचा बळी घेतला, संतप्त ग्रामस्थांनी वनखात्याची गाडी जाळली, मंचरला महामार्ग रोखून धरला, आणि ४ नोव्हेंबरच्या रात्री एक नर बिबट्या गोळी घालून ठार करण्यात आला. त्या मृत जनावराचे छायाचित्र पाहून उसाच्या फडाला लागून ज्याचे घर आहे त्याच्या जिवात जीव आला असेल, तर त्याच चित्रात दूर शहरातील प्राणिमित्राला केवळ क्रौर्यच दिसले असेल. दोघांपैकी कोणाचेही डोळे खोटे नव्हेत. पुढे पिंपरखेडच्या बायका खिळे ठोकलेले पट्टे गळ्यात घालून शेतात राबू लागल्या, तेव्हा ते दृश्य देशभर नवलाईने पाहिले गेले. बिबट्या नरडे धरतो हे ज्याने पाहिले आहे त्याला त्यात नवल कसले?

परंतु भय जसे डोळस करते तसेच ते आंधळेही करते. दौंड तालुक्यातील कडेठाण येथे डिसेंबर २०२४ मध्ये उसाच्या रानात एका स्त्रीचा जखमांनी विद्रूप झालेला मृतदेह सापडला, आणि हे बिबट्याचेच कृत्य असा बोभाटा झाला. बिबट्याच्या हल्ल्याची खूण आढळली नाही असा प्रयोगशाळेचा अहवाल पुढे आला, तेव्हा पोलिसांनी खुनाच्या आरोपावरून दोघा इसमांना अटक केली. प्रत्यक्ष जागेवर उभ्या असलेल्यांची दृष्टी जिथे अशी फसते, तिथे कोण जाणे कुठल्या मुलखातले, कदाचित यंत्राने रचलेलेही, रक्तबंबाळ चित्र पाहून हातातल्या मोबाइलवरच निकाल देणाऱ्याची काय कथा! शिवाय ज्या घरातले माणूस गेले त्या घराच्या मोबाइलवरही तेच चित्र फिरत येते, याचे भान ते पुढे धाडणाऱ्यास क्वचितच असते.

ऊसतोड सुरू झाली की फड मोकळे होतात, आसरा गेलेले बिबटे वस्तीलगत दिसू लागतात, आणि चित्रांनाही ऊत येतो. लोकांना नुसता संयमाचा उपदेश करून त्यावर इलाज होणार नाही. वनखात्याने व पोलिसांनी प्रत्येक घटनेची खातरजमा करून पंचनाम्याचा गोषवारा त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा, अशी आमची मागणी आहे. आणि मागाहून येणारा अहवाल त्याहून वेगळा निघाला, तर तोही त्याच फळ्यावर, तितक्याच ठळक अक्षरांत जाहीर व्हावा.