ताप उतरला, तरी...

कळसाडीसारख्या गावात पावसाने उघडीप दिली की शेतकरी निःश्वास टाकतो. एडिस डासाची मात्र तेव्हाच सुगी असते. महाराष्ट्रात डेंग्यूचे रुग्ण जुलैपासून वाढतात ते नोव्हेंबरपर्यंत. आपण गटाराला दोष देतो. हा डास वाढतो घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. रांजणाच्या आतल्या कडेला चिकटलेली त्याची अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढले की आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून भांडे नुसते ओतू नका, दर आठवड्याला आतून घासा.

पूर्वी हा लहान मुलांचा आजार समजत. आता तरुणही तितकेच सापडतात. विषाणूचे प्रकार 4. एकदा होऊन गेला म्हणून निर्धास्त राहू नये. दुसऱ्या प्रकाराची लागण अधिक गंभीर होऊ शकते.

मला खरी धास्ती वाटते ती ताप उतरताच औषधपाणी सोडणाऱ्यांची. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप ओसरतानाच, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्तदाब कोसळू शकतो. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार हातपाय, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि तापात अ‍ॅस्पिरिन वा आयब्युप्रोफेन देऊ नका. पॅरासिटामॉल पुरे, तेही सांगितलेल्या मात्रेतच.