‘राजी’ खेळून संपला, पण गोष्ट?

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा २०२० मधला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ नागपूरच्या दुपारी, कूलरसमोर बसून एकदाचा पूर्ण केला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधत राजी निघते. हाती दुर्गेचा त्रिशूळ. खांबावरून गिरकी घेत केलेला वार झकास बसतो. देव-असुरांच्या कथा छायाबाहुल्यांतून उलगडतात, तो भाग सर्वांत आवडला. (पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्या.) नाराजी आहे ती शेवटावर. महाबलासुराशी झुंज होते अन् गोष्ट मध्येच तुटते. पुढचा भाग काढायचा असेलही, पण पैसे तर याच भागाचे घेतले ना? २०१७ची क्राउडफंडिंग मोहीम फसूनही या मंडळींनी गेम तडीस नेला, म्हणून हे जास्तच खटकतं.