मासळी शोधणारे यंत्र आणि आपला विवेक

चंदगड तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेला आहे. त्याचा समुद्राशी संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु तिलारी घाट उतरला की दोडामार्ग लागते आणि पुढे गोव्याचा व सिंधुदुर्गाचा किनारा. आपल्या घरी शिजणारा बांगडा याच किनाऱ्यावरून घाट चढून येतो आणि तो पकडणाऱ्यांत आपले धर्मबंधूही आहेत. म्हणून त्यांच्या व्यवसायात होत असलेल्या बदलाचा विचार करणे आपणासही अगत्याचे आहे.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एक लाख नौकांवर संपर्कयंत्रे बसविण्याच्या योजनेचा शुभारंभ पंतप्रधानांच्या हस्ते झाला. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा दिला. नौकेवर यंत्रे चढत आहेत आणि कर्जाची वाट रुंदावत आहे. या यंत्रांपैकी मच्छीमारास सर्वाधिक मोह पडतो तो मासळी शोधणाऱ्या 'फिश फाइंडर'चा. जपानमधील फुरुनो बंधूंनी १९४८ साली ते प्रथम व्यवहारात आणले.

त्याचे तत्त्व साधे आहे. नौकेच्या तळाशी बसविलेला 'ट्रान्सड्यूसर' पाण्यात ध्वनिलहरी सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी एक दशांश सेकंदात परतला, तर खोली ७५ मीटर असते. मधे मासळीचा थवा असल्यास त्याचीही खूण पडद्यावर उमटते. खडकाळ किनाऱ्यावर हे यंत्र बुडालेल्या खडकांची सूचना देते, तसेच मासळीच्या शोधात वाया जाणारे डिझेलही वाचविते.

मात्र पडदा कितीही महाग असला, तरी खरे काम तळाशी असलेला तो लहानसा भाग करतो. तो चुकीच्या जागी बसला की पैसा पाण्यात जातो. ध्वनीचा मोठा शत्रू म्हणजे हवेचे बुडबुडे. म्हणून ट्रान्सड्यूसर पंख्याच्या फेसापासून दूर, पाणी संथपणे सरकते अशा जागी हवा आणि त्याचे तोंड सरळ खाली हवे. तळ उतरता असेल, तर ठोकळा देऊन तो समपातळीत आणावा लागतो. भरीव फायबरच्या नौकेत तो आतून तळाला चिकटविता येतो. लाकडातून ध्वनी नीट जात नसल्याने तेथे तळाला छिद्र पाडावे लागते. अशा वेळी प्लास्टिकचा भाग वापरणे धोक्याचे असते, कारण भिजलेले लाकूड फुगते आणि प्लास्टिक तडकते. तेथे कांस्य धातूचाच भाग हवा. तळाला पडलेल्या तड्यावर खलाशांचे प्राण अवलंबून असतात, हे विसरून चालणार नाही.

अनुदान यंत्रासाठी मिळू शकते. पण ते योग्य रीतीने बसविण्याचे ज्ञान कोण देणार? मोठ्या नौकेचा मालक कुशल कारागीर बोलावू शकतो. लहान होडीवाला कर्ज काढून यंत्र घेतो आणि अंदाजाने बसवितो. पडद्यावर काही दिसेनासे झाले की यंत्र बंद पडते, हप्ते मात्र चालूच राहतात. दोघांतील दरी अशीच रुंदावत जाते.

दुसरा प्रश्न विवेकाचा आहे. फिश फाइंडर मासळी दाखवितो, तर एलईडीचे प्रखर दिवे ती ओढून गोळा करतात. अशा दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र शासनाने २०१७ साली बंदी घातली, तर पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने २०१६ साली निर्बंध आणले. तरीही सिंधुदुर्गातील रापणकर आणि लहान मच्छीमार यांना आपल्या हक्कासाठी वारंवार आवाज उठवावा लागला आहे. यंत्र स्वतः दोषी नसते. परंतु अचूक डोळा आणि अमर्याद जाळे एकाच हाती आले, तर उद्यासाठी समुद्रात काय उरेल? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात अनिर्बंध मासेमारीविषयी सावध केले होते. आपल्या तिलारी अथवा जंगमहट्टीच्या जलाशयात जाळे टाकणाऱ्यासही तोच न्याय लागू आहे.

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ट्रान्सड्यूसर बसविण्यास अथवा त्यावरील शेवाळ व शिंपले काढण्यास हीच योग्य वेळ. जुलैचा दुसरा रविवार ख्रिस्तसभा समुद्रावर कष्टणाऱ्यांसाठी राखून ठेवते. त्या दिवशीच्या प्रार्थनेस किनाऱ्यावरील धर्मग्रामांनी जाणत्या तांडेलांच्या एका दिवसाच्या शिबिराची जोड द्यावी, असे आम्हांस वाटते. घाटावरील आपणही त्यास हातभार लावू शकतो. निदान अंड्यांनी भरलेली आणि बोटभर लांबीची कोवळी मासळी विकत न घेण्याचा निश्चय तरी करू शकतो.

तिबिर्या सरोवरावर रात्रभर रिकाम्या हाती राहिलेल्या शिष्यांना प्रभूने जाळे कोठे टाकावे हे सांगितले. जाळे भरले, तरी फाटले नाही, असे योहानकृत शुभवर्तमान सांगते. मासळी कोठे आहे, हे आज यंत्र सांगू लागले आहे. जाळे केव्हा आवरावे, हे मात्र आपले आपणच ठरवावयाचे आहे.